जड टूरिंग बाईकवर ड्युअल पर्पज टायर टाकलेत? मग आपल्या खान्देशी रस्त्यांवर ते असे तपासून बघा

बटण टायर, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीसाठीचे हे ठोकळ्यांचे ड्युअल पर्पज टायर, दिसायला भारी दिसतात यात वादच नाही. गाडी कुठे लावली की लोकं जवळ येऊन बघतात, आणि आमच्या धुळ्यात तर हमखास कोणीतरी विचारतोच, "भो, हाऊ टायर ट्रॅक्टरना शे का?" पण अडीचशे किलोच्या गाडीखाली वेगळ्या जातीचा टायर टाकला म्हणजे गाडीच बदलली असं समजायचं, आणि ती बदललेली गाडी कशी वागते हे व्हिडिओ बघून कळत नाही, कारण तो व्हिडिओवाला जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गार हवेत फिरत असतो आणि आपण मे महिन्यात भुसावळच्या हायवेवर भाजून निघत असतो. तेव्हा टायर तपासायचा तो आपल्या उन्हात, आपल्या वजनाला आणि आपण खरोखर जिथे फिरतो तिथे.

हे जे ८०/२०, ५०/५० आकडे, म्हणजे किती टक्के डांबर आणि किती टक्के माती, सांगतात ना, त्याला कुठलं सरकारी माप नाही, कंपनी स्वतःच ठरवते. मिशेलिनचा अनाकी ॲडव्हेंचर ८०/२० म्हणून विकला जातो, कॉन्टिनेंटलच्या टीकेसी ८० चे ठोकळे त्याच्यापेक्षा कितीतरी मोकळे आणि उंच असतात. त्यामुळे आधी स्वतःचा हिशोब काढा. वर्षभरात गाडी कुठे गेली ते आठवून प्रामाणिकपणे लिहा. बहुतेकांचं उत्तर डांबर नाहीतर काँक्रिट हेच येईल, मातीचा भाग म्हणजे शेतापर्यंतचा शिवरस्ता, कुठलं तरी मंदिर आणि सातपुड्यातले दोन-चार तुकडे. म्हणून माझं मत असं की टेस्टिंगचा जास्तीत जास्त वेळ गरम डांबरावर, सामान लादून आणि ब्रेक मारण्यात घालवायचा, मातीत लोळायची हौस नंतर.

टायर बसवायच्या आधी दुकानातच साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूवर लिहिलेलं, वाचा. मी बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस धरून सांगतो, तुमची दुसरी असेल तर आकडे बदलतील पण पद्धत तीच. जीएसला पुढे १२०/७० आर १९ आणि मागे १७०/६० आर १७. त्याच्यापुढे ६० आणि ७२ असे लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचे आकडे, असतात, ६० म्हणजे २५० किलो आणि ७२ म्हणजे ३५५ किलो. मग एक इंग्रजी अक्षर असतं, ते स्पीडचं, व्ही म्हणजे २४०, एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९०, क्यू म्हणजे १६० किमी. बटण टायरवर बऱ्याचदा क्यू असतो आणि पोरं त्याला घाबरतात. अरे पण केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी हायवेवर दुचाकीला मर्यादाच ८० ची आहे, क्यूवाला टायर त्याच्या दुप्पट झाला. डोळ्यात तेल घालून बघायचा आकडा आहे तो लोड इंडेक्सचा, कारण आपल्याकडे बाईकवर वजन लादायला कोणी मागेपुढे बघत नाही.

मग चार आकड्यांचा डेट कोड. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. या मापाचे टायर आपल्या भागात फारसे खपत नाहीत, मागवून घ्यावे लागतात, त्यामुळे गोडाऊनमध्ये पडून राहिलेला जुना माल अंगावर येऊ शकतो. नवीन टायर म्हणून पैसे देताय तर कोड बघूनच द्या.

बसवताना समोर उभे राहा, लाजू नका. फिरण्याच्या दिशेचा बाण बरोबर आहे का बघा. टीपीएमएस (टायरमधली हवा डॅशवर दाखवणारी यंत्रणा) असेल तर सेन्सर व्हॉल्वच्या पोटालाच आतून असतो, हे टायरवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो बिडिंग (रिममध्ये बसणारी टायरची कड) तोडायचं हत्यार नेमकं तिथेच घालतो आणि सेन्सरचा खर्च टायरच्या खर्चावर येऊन बसतो. हवा भरल्यावर रिमच्या कडेने टायरवर जी बारीक रेघ असते ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, एका बाजूला आत गेलेली असेल तर बिडिंग बसलेलं नाही. बॅलन्सिंग नक्की करून घ्या. जाड ठोकळ्याच्या टायरला वजनं जास्त लागली म्हणून लगेच टायर खराब समजू नका.

आता वजन. हे कोणी करत नाही आणि नेमकं हेच करायला पाहिजे. आपल्याकडे भुईकाट्यांची काय कमी, जिनिंगवर आहेत, केळीच्या गाड्या मोजायला रावेर-सावदा पट्ट्यात आहेत, शहाद्याकडे उसाच्या ट्रॉल्यांसाठी आहेत. गर्दी नसताना जा, चहापाण्याचं बघा, आणि गाडी पूर्ण लादून, म्हणजे पेट्या, टॉप बॉक्स, टाकी फुल, मागे बसणारं माणूस, सगळ्यासकट काट्यावर घ्या. मग पुढचं चाक काट्याबाहेर ठेवून फक्त मागचं मोजा. भुईकाटे ५ किंवा १० किलोच्या टप्प्यानेच आकडा दाखवतात, तेवढी चूक धरून चला. जीएस टाकी भरून २४९ किलोची आणि एकूण वजनाची परवानगी ४६५ किलो, म्हणजे माणसं आणि सामान मिळून २१६. दोन भरलेली माणसं, हेल्मेट-जॅकेट, तीन पेट्या, घरून दिलेला कळण्याच्या पिठाचा आणि मिरचीचा डबा... २१६ कधी झाले कळत पण नाही. आणि मागे बसणारं माणूस अधिक टॉप बॉक्स म्हटल्यावर मोठा वाटा मागच्या चाकावर येतो. तिथे कोणी स्वस्तात मिळाला म्हणून ६६ इंडेक्सचा, म्हणजे ३०० किलोचा टायर टाकला असेल तर हातात काहीच शिल्लक राहत नाही.

हवेचं जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या उन्हाळ्यात सगळा घोळ इथेच होतो.

पहिलं म्हणजे हवा मोजायचा स्वतःचा गेज घ्या. पंपावरचा काटा काय दाखवेल ते त्यालाच माहीत. टेस्टिंगच्या काळात गेज एकच ठेवा, तो एक पीएसआय खोटा बोलत असला तरी चालेल, रोज सारखाच खोटा बोलला पाहिजे. जीएसचं पुस्तक पुढे ३६ मागे ४२ म्हणतं, म्हणजे २.५ आणि २.९ बार, आणि टायर थंड पाहिजे. टायरच्या साइडवॉलवर लिहिलेला जास्तीत जास्त प्रेशरचा आकडा भरायचा नसतो, गाडीच्या पुस्तकातला भरायचा.

दुसरं, १० टक्क्यांचा नियम तुम्ही ऐकला असेल. थंड टायर मोजायचा, अर्धा-पाऊण तास चालवून परत मोजायचा, १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर हवा कमी होती किंवा वजन जास्त होतं. नियम चांगला आहे पण जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तो सरळ लावला तर फसवतो. साधारण साडेपाच डिग्री तापमान वाढलं की एक पीएसआय वाढतो. सकाळी सहाला २८ डिग्रीत हवा मोजली आणि दुपारी ४३ डिग्रीत तपासली तर गाडी एक फूटही न हलता जवळपास ३ पीएसआय वर गेलेले असतात. मग १० टक्क्यांतले बरेचसे तिथेच संपले की. म्हणून थंड माप राइडच्या अगदी आधी घ्यायचं, गाडी तीनेक तास सावलीत उभी असताना, आणि त्याच हवामानात परत येऊन गरम माप घ्यायचं, आणि तरीही रस्ता स्वतः तापलेला असतो हे लक्षात ठेवून १० च्या ऐवजी १३-१४ टक्के आले तर लगेच घाबरायचं नाही. गरम टायरमधून हवा सोडायची नाही, ही चूक लोकं फार करतात, संध्याकाळी टायर थंड झाला की तो कमी हवेवर उभा असतो.

तिसरं जीएसवाल्यांसाठी. डॅशवर जे प्रेशर दिसतं ते २० डिग्रीला धरून दुरुस्त केलेलं असतं, आणि तेही गाडीने साधारण ३० चा वेग पकडल्यावर येतं. त्यामुळे ४० डिग्रीच्या सावलीत तुम्ही गेजने मागे ४२ भरले की डॅश ३८ च्या आसपास दाखवतो आणि लोकं सेन्सर खराब म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतात. सेन्सर बरोबर आहे हो. डॅश आणि पुस्तकातला आकडा यात जेवढा फरक, तेवढाच गेजने वाढवायचा, बस. याउलट व्हॉल्वच्या टोपीवर बसणारे जे स्वस्त सेन्सर मिळतात ते बहुतेक जे आहे तेच दाखवतात. दोघांचे आकडे एकत्र करून वहीत लिहू नका, वेड लागेल.

नवीन टायरची पहिली १५०-२०० किमी टेस्टमध्ये धरायची नाहीत. वरचा गुळगुळीत थर घासून जायला पाहिजे, तोपर्यंत जोरात ब्रेक नाही, झोकून वळण नाही, धुळे ते चाळीसगाव आरामात जाऊन या. या काळात टायर बेकार वाटेल, हँडल आपोआप आत पडल्यासारखं वाटेल, ते थोडं तसंच असतं. आणि जमलं तर जुना टायर काढायच्या आधीच त्याच रस्त्यावरून एक फेरी मारून नोंदी करून ठेवा. पण जुना टायर मधोमध चपटा झालेला असेल तर नवा कुठलाही टायर टाका, तो हलकाच वाटणार, हे डोक्यात ठेवूनच तुलना करायची.

रस्ता एकच पक्का करा आणि दर वेळी तोच. मी धुळ्याचा, म्हणून माझा असा: धुळ्याहून आग्रा हायवेने सोनगीर, नरडाणा, तापी ओलांडून शिरपूर, तिथून शहादा, शहाद्याहून म्हसावदमार्गे तोरणमाळ, आणि परत येताना सारंगखेड्याच्या पुलावरून दोंडाईचा करून घरी. यात चौपदरी हायवे आहे, दुपदरी खडबडीत आहे, पुलाचे लोखंडी जोड आहेत, तोरणमाळचा सातपायरी घाट आहे आणि मध्ये हवे तेवढे मातीचे फाटे आहेत. जळगाववाल्यांनी पाचोरा-भडगाव-चाळीसगाव करून कन्नड घाट धरावा, रावेर-यावलवाल्यांना पाल जवळ आहे, नंदुरबारवाल्यांना विसरवाडीकडून कोंडाईबारी. कुठलाही धरा, मधे बदलू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टायरही नवा, सस्पेन्शनचं सेटिंगही नवं, पेट्याही नव्या, मग काय कशामुळे झालं ते सांगणार कोण?

हायवेवर ६० आणि ८० ला पाच-पाच मिनिटं एकसारखं चालवा आणि कान-हात उघडे ठेवा. बटण टायर आवाज करणारच, घूं घूं असा, तो गुन्हा नाही. बघायचं ते हे की ट्रकच्या मागून बाहेर निघताना वाऱ्याचा झोत बसला की गाडी एकदाच हलते की डुलतच राहते. डुलत राहिली तर आधी मागची हवा आणि टॉप बॉक्समधलं वजन तपासा, टायरला शिव्या नंतर. वेग ७० वरून ५० वर उतरताना हँडल थरथरतंय का तेही बघा, पण दोन्ही हात सोडून बघायचं शहाणपण करू नका, पकड नुसती सैल केली की कळतं. मेमध्ये काही ठिकाणी डांबर पाझरून काळं चकचकीत झालेलं असतं, त्यावर ठोकळ्यांचा टायर किंचित सरकतो, सरळ असताना हलकेच ब्रेक दाबून त्याची ओळख करून घ्या.

ब्रेकची टेस्ट हायवेवर नाही. एमआयडीसीतला सुट्टीच्या दिवशीचा मोकळा रस्ता बघा, आमच्याकडे अवधानला असे तुकडे मिळतात, पुढे-मागे एकेक मित्र उभा करा, हेल्मेट-जॅकेटसकट पूर्ण रायडिंग गिअर अंगावर घाला. खडूची रेघ मारा, ६० ने येऊन रेघेवर दोन्ही ब्रेक, थांबल्यावर टेपने माप. ६० चा वेग मोबाईलच्या जीपीएसवर बघा, स्पीडोमीटर जास्त दाखवतो आणि टायरचा घेर बदलला की तोही आकडा हलतो. अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, ६० च्या जागी ६३ असलात तरी थांबायला १० टक्के जास्त लागतात, म्हणून वेग पक्का नसेल तर सगळं माप फुकट. पाच वेळा करा, सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट काढून टाका. कोरड्या चांगल्या डांबरावर चांगली गाडी १८ मीटरच्या आसपास थांबते, तुम्हाला २३-२४ लागत असतील तर तुमचा हात किंवा टायर, दोघांपैकी एक कमी पडतोय. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) किती लवकर खडखडतो तेही लिहा. हीच टेस्ट एकट्याने आणि मग लादून, तसंच सकाळी थंड टायरवर आणि नंतर गरम टायरवर. कंटाळवाणं आहे, माहिती आहे, पण सगळ्यात कामाचा आकडा हाच निघतो.

घाटात घाई नाही. ठोकळ्याचा टायर कलला की मधल्या ठोकळ्यावरून कडेच्या ठोकळ्यावर जाताना एक छोटी पायरी लागते, शिवाय उंच ठोकळा स्वतः वाकतो, त्यामुळे मागचं चाक जरा चघळल्यासारखं करतं. तसं दर वळणाला सारखंच होत असेल तर तो टायरचा स्वभाव, सवय होते. कधी होतं कधी नाही, असं असेल तर हवा बघा. उतरताना पुढच्या चाकावर भार येतो तेव्हा जास्त लक्ष द्या. आणि शहाद्याकडे उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी आणलेला चिखल वळणावर पडलेला असतो, त्याला टेस्ट म्हणू नका, वेग कमी करा.

पावसाची टेस्ट पहिल्या पावसात करायची नाही, आठ महिन्यांचं तेल, धूळ, रबर सगळं वर येतं, त्यावर कुठलाच टायर नापास-पास ठरवता येत नाही. चार-पाच चांगले पाऊस पडून रस्ता धुऊन निघाला की मग, आणि झेब्रा क्रॉसिंगचा रंग आणि पुलाचे लोखंडी जोड सरळ असताना मुद्दाम हळू ओलांडून बघा.

आता माती. मुरूम आणि खडीसाठी हवा पुढे २८, मागे ३०-३२ पर्यंत आणा, सामान उतरवून. अलॉय चाक असेल तर याच्या फार खाली जाऊ नका, या वजनाच्या गाडीने दगडावर आपटलं की रिमला पोचा आणि ट्यूबलेसचा खेळ तिथेच खलास. छोटा बारा व्होल्टचा पंप आणि पंक्चर किट बरोबर पाहिजेच, बाभळीचा काटा कुठल्याच कंपनीला ओळखत नाही. जीएसवर मातीत चालवायचे दोन मोड आहेत, एन्ड्युरो मोड रोड टायरसाठी आणि एन्ड्युरो प्रो ठोकळ्याच्या टायरसाठी म्हणून दिलाय, प्रोमध्ये मागचा एबीएस बंद होतो, त्यामुळे ८०/२० टायरवर उगाच प्रो लावून धाडस नको. मुरमावर ३० ने जाऊन आधी फक्त मागचा ब्रेक, मग फक्त पुढचा हळूहळू वाढवत, मग चढावर थांबून परत निघायचं. चढावर थांबून निघता आलं की मातीतलं अर्धं काम झालं.

नदीच्या वाळूत एकट्याने अजिबात नाही. अडकली तर अडीचशे किलो काढायला बैलजोडी नाहीतर ट्रॅक्टरच लागतो, आणि गावातले काढून देतात पण वर्षभर तो किस्सा सांगतात.

आणि ओली काळी माती. खान्देशात फिरायचं म्हणजे हिच्याशी गाठ आहेच. कपाशीची ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते, दहा-वीस फुटांत ठोकळ्यांमधल्या खाचा भरून जातात, मग टायर टीकेसी असो नाहीतर घासून गुळगुळीत झालेला असो, बाहेरून दोघंही चिखलाचे लाडू. वर मडगार्ड आणि टायरच्या मधली जागा भरली की चाक फिरायचंच थांबतं. इथे टायर तपासायचा नाही, तपासायची ती जागा: बोटांनी मोजा, मडगार्डपासून टायर किती लांब आहे, नवा टायर उंच असेल तर ती आणखी कमी झालेली असते. माती ओली असेल तर गाडी डांबरावर लावून पायी जा. फुकटचा सल्ला वाटेल, पण भर पावसात लोखंडी सळईने मडगार्ड कोरत बसलेले बुलेटवाले दरवर्षी दिसतात.

झीज मोजायला डेप्थ गेज घ्या, पाना-पक्कडच्या दुकानात स्वस्तात मिळतो. टायरवर रंगाच्या खडूने तीन जागा पक्क्या करा, प्रत्येक जागी मधे आणि दोन्ही कडांना माप. पहिल्या हजार किमीत उंच ठोकळे लवकर झिजतात म्हणून तो आकडा हिशोबात धरू नका, हजार ते तीन हजार धरा. समजा हजारला मधे ८.४ मिमी होते आणि तीन हजारला ७, म्हणजे हजारी ०.७. टायरच्या खाचेतली झिजेची खूण यायच्या थोडं आधी, दीड मिमीला बदलायचा ठरवला तर साडेपाच मिमी शिल्लक, म्हणजे साधारण आठ हजार किमी अजून. हीच मोजणी हिवाळ्यात वेगळी येईल, तापलेला रस्ता रबर भराभर खातो. पुढच्या टायरवर हात दोन्ही दिशांना फिरवून बघा, एकीकडे मऊ आणि दुसरीकडे करवतीसारखं लागत असेल तर ठोकळे तिरके झिजतायत, हवा आणि पुढचं सस्पेन्शन बघायला पाहिजे.

मागे बसणाऱ्याला विचारायला विसरू नका. बायको म्हणाली की पाय झिणझिणतात, तर ती टायरची कंपनं आहेत, तिला सवय होईल वगैरे काही नाही, लांबच्या ट्रिपला तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल.

हे सगळं झालं की ब्रेकचे आकडे, हजारी झीज आणि तुमचा डांबर-मातीचा हिशोब समोर ठेवा. डांबर नव्वद टक्के असेल आणि ब्रेकिंगला जुन्या टायरपेक्षा तीन-चार मीटर जास्त लागत असतील तर मी तरी तो टायर परत घेणार नाही, दिसायला कितीही रुबाबदार असो. फरक मीटरभराचा असेल आणि महिन्यातून एकदा तोरणमाळ-धडगावकडे जाणं होत असेल तर खुशाल घ्या.

आणि काढलेला जुना रोड टायर पंक्चरवाल्याकडे सोडून येऊ नका. त्याच्यात नक्षी असेल तर धुऊन, वाळवून, काळ्या जाड पिशवीत बांधून घरात सावलीला उभा ठेवा, शेतातल्या मोटरच्या खोलीत नको कारण चालू मोटरजवळच्या ओझोनने रबराला चिरा पडतात. पिशवीवर डेट कोड, किती किमी चालला आणि मधली खोली मार्करने लिहून टाका.